वाटी काळी का होते

कापड वाळवायच्या मैदानात त्या दिवशी एकही कापड वाळत नव्हतं. दोऱ्या मोकळ्या होत्या आणि त्यांच्याखाली आमची अख्खी रंगारी वस्ती दाटीवाटीने बसली होती. कारखान्याला सुट्टी होती. मधोमध एका उपड्या टोपावर पांढरी एनॅमलची वाटी, वाटीत पाणी, पाण्याला जराशी पिवळट झाक. वाटीच्या मागे वाटीबाबा. तोंडाचा पट्टा चालू.

"हे सत्याचं पाणी! सात झऱ्यांनी एकमेकांना विचारून दिलेलं पाणी! डॉक्टर म्हणतो, रक्ताचे चारच थेंब घेतले. अरे, थेंबाचं काय घेऊन बसलास? सुईच्या टोकावरून माणसाचं सत्त्व जातं. सत्त्वाला वजन नाही, म्हणून दवाखान्याच्या काट्यावर ते कळत नाही. पण पाण्याला कळतं! चला, पुढे या. पोरी, दवाखान्यात रक्त दिलंस का?"

"नाही हो बाबा, मुळीच नाही," धुण्याच्या खात्यातली एक सून म्हणाली.

बाबाच्या बायकोने शेजारच्या दोन मडक्यांपैकी एकातून अत्तर लावलेलं ओलं फडकं काढलं आणि तिचं बोट पुसलं. सुनेने बोट वाटीत बुडवलं. पाणी होतं तसंच राहिलं. गर्दीने सुटकेचा श्वास टाकला.

"आता तू ये. दिलंस?"

"दिलं," माझा मोठा भाऊ म्हणाला.

बाबाच्या बायकोने त्याचंही बोट पुसलं. दादाने बोट बुडवलं आणि बोटाभोवती काळा ढग उठला. बघता बघता वाटी शाईसारखी झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. माझ्या आईने कपाळाला हात लावला.

"बघा! आतून कोळसा झालाय!" बाबा ओरडला. "सत्त्व दवाखान्याच्या बाटलीत, आणि इथे नुसतं कातडं!"

दादा कारखान्यात काळ्या हौदावर होता. वीस वर्षं तो काळा रंग करत होता. झाडाच्या सालीच्या काढ्यात कापड भिजवायचं, मग ते लोखंडाच्या पाण्यात, म्हणजे गंजके खिळे आंबवून केलेल्या पाण्यात, बुडवायचं. झाला पक्का काळा. रोज शंभर ताग्यांवर हीच किमया करणारा माणूस वाटीतल्या त्या काळ्याकडे तोंडात बोट घालून बघत राहिला. आणि त्याच्याभोवती असे दोनशे रंगारी बसले होते. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही. मी हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा मिरवायला लागले तर तुम्ही मला थांबवाल.

मी दवाखान्यात रक्त काढते. वस्तीत मला सुई म्हणतात, आणि ते लाडाने म्हणत नाहीत.

हे रक्त कशाला हवं होतं, ते सांगते. आमची वस्ती या शहरात मूठभर. दोन पिढ्यांमागे बाहेरून आलेली, आपल्यातच सोयरीक करणारी. इथे ताप आला की दवाखाना एक तपकिरी गोळी देतो. शहरातल्या हजारो लोकांना ती लागू पडते. आमच्यातली तीन माणसं दोन वर्षांत ती गोळी खाऊन काळी लघवी करत मेली. दवाखान्याने नोंद केली, ताप. वस्तीने म्हटलं, नशीब. मग एक संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी जुनी कागदपत्रं उकरली. ती गोळी बाजारात यायच्या आधी ज्या लोकांवर तपासली होती, त्यांत आमच्यासारखं एकही माणूस नव्हतं. काही घराण्यांच्या रक्तात एक घटक जन्मतःच कमी असतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. ती गोळी पोटात गेली की मात्र रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. आमच्यात असे किती, आणि त्यांना कोणतं औषध चालेल, हे शोधायचं तर आमचंच रक्त तपासायला हवं होतं. शेजारच्या गल्लीतलं चालणार नव्हतं.

बाईंची पहिली खेप फुकट गेली. त्यांनी गुळगुळीत कागदावर पोस्टरं छापून आणली. त्यांवर एक गोरंगोमटं, गुटगुटीत कुटुंब हसत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'संशोधनात सहभागी व्हा, आपले योगदान अमूल्य आहे'. वस्तीतल्या बायकांनी ती पोस्टरं डब्यांच्या तळाशी अंथरली. मी बाईंना म्हटलं, "बाई, योगदान म्हणजे काय ते मलाच धड कळत नाही. आणि यांच्या आजीच्या वेळी असेच डॉक्टर आले होते. रांगेत उभं करून रक्त घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही, निकाल दिला नाही, पुन्हा तोंड दाखवलं नाही. हे लोक अडाणी म्हणून घाबरत नाहीत. त्यांना आठवतंय म्हणून घाबरतात."

बाईंनी उरलेली पोस्टरं गुंडाळली. मग म्हणाल्या, "मग कोणाशी बोलू?"

मी त्यांना नमुनेवाल्या आत्याकडे नेलं. ती अख्ख्या वस्तीची आत्या. कारखान्यात कोणताही नवा रंग आला की तो आधी ती चिंधीवर लावून बघते, आणि तिने मान हलवल्याशिवाय एक तागा हौदात जात नाही. बाईंचं सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे सुताच्या चिंधीवर नमुना काढला आणि लोकरीचा तागा बुडवला. असं काम करणाऱ्याला आमच्यात हाकलून देतात."

तेच आमचं शिकवणं झालं. पोस्टर गेलं, चिंध्या आल्या. आत्या एकाच रंगात सूत, लोकर आणि ताग बुडवून दाखवायची, तीन वेगळ्या छटा निघायच्या, आणि ती म्हणायची, "औषधही असंच. आपल्या चिंधीवर नमुना झालेला नाही." पण तिने बाईंनाही सोडलं नाही. रक्त कुठे ठेवणार, नाव कोणाला कळणार, निकाल कोणाच्या हातात देणार, आणि माझं मन फिरलं तर काय? बाईंनी उत्तरं आमच्या बोलीत लिहून दिली. नाव गुप्त राहील. निकाल ज्याचा त्याच्या हातात मिळेल. मन फिरलं तर रक्त तुमच्या डोळ्यांदेखत ओतून टाकू, एकही प्रश्न न विचारता. बासष्ट माणसांनी रक्त दिलं. पडद्याआड, एकेकट्याने.

आणि मग मैदानात वाटी आली. वाटीबाबा तापावर फुंकर घालून जगत होता. आमच्या टेबलावर माणसं वाढली तशी त्याच्या ओट्यावरची घटली. एवढंच त्याचं सत्य.

वाटी काळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई दादाला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. चाळीस वर्षांचा बाप्या, पण तिच्यामागे मान खाली घालून चालत होता.

"याचं रक्त परत दे," आई म्हणाली.

"आई, परत देता येत नाही. ओतून टाकता येतं."

"मग ओत."

"दादा, निकाल यायला आठच दिवस आहेत," मी म्हणाले. "तेवढे थांब. तुझं रक्त तसलं निघालं तर ती गोळी तुला कधीच कोणी देणार नाही, असं कार्ड मिळेल."

दादा माझ्याकडे बघेना. "सुई, आईने कालपासून घास घेतलेला नाही. ओत बाई."

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एकही प्रश्न न विचारता, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. मी कपाटातून नळी काढली, नाव दादाला वाचून दाखवलं, आणि आईच्या डोळ्यांसमोर ती जंतुनाशकात उपडी केली. दादाने कागदावर सही केली. जाताना आई म्हणाली, "आता कसं मोकळं वाटतंय."

त्या आठवड्यात सव्वीस जणांनी रक्त ओतायला लावलं. मी ओतलं.

दहाव्या दिवशी दादाला ताप भरला. दवाखान्यात यायची त्याला लाज वाटली. कारखान्याच्या फाटकासमोरच्या औषधाच्या दुकानात त्याने ताप सांगितला, आणि दुकानदाराने सगळ्या शहराला देतो तीच तपकिरी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली. वहिनी घाबरली, तिने मला निरोप पाठवायचं म्हटलं. आईने दादाला बाबाच्या ओट्यावर नेलं.

बाबाने काय सांगितलं ते वहिनीने मला नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं. "उत्तम! आतला कोळसा बाहेर पडतोय. जितकं काळं जाईल तितका हा उजळेल. गोळी चालू ठेवा, तिच्यावर मी फुंकर मारून देतो."

त्याने खरोखरच गोळ्यांच्या पाकिटावर फुंकर मारली. दादाने आणखी दोन दिवस त्या खाल्ल्या.

तो माझ्याकडे आला तेव्हा हळदीसारखा पिवळा पडला होता आणि त्याला दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. बाईंनी गोळी बंद केली, रक्त चढवलं, मोठ्या इस्पितळात फोन लावले. मूत्रपिंडं बसली होती. मी त्याच्या उशाशी बसून त्याचा हात पुसत होते. हौदावरच्या माणसांचे हात भेगाळलेले असतात, त्यात काळं भरलेलं असतं, ते कधीच जात नाही. मी स्पिरिटचा बोळा लावला तसा तो कळवळला.

"चुरचुरतंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तसंच चुरचुरलं होतं."

"कधी रे?"

"मैदानात. तिने फडक्याने बोट पुसलं तेव्हा. भेगेत लोखंडाचं पाणी गेलं की जसं चुरचुरतं ना, तसं. खाली आंबूस वास. वर अत्तर." तो दम घेत होता. "वाटीत सालीचा काढा होता, सुई. पातळ केलेला. आमच्याच हौदातला."

"तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बाबा आपल्या हौदातलं पाणी कशाला आणेल, वाटलं." त्याने डोळे मिटले. "चमत्कार म्हटल्यावर... हौद कोणाला आठवतो?"

दोन दिवसांनी दुपारी तो गेला.

आठवड्याच्या आत बाबाने मैदानात पुन्हा वाटी मांडली. गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "मी सांगितलं होतं की नाही? ज्याने रक्त दिलं तो गेला! अजून ज्यांनी दिलंय त्यांनी आजच कबूल व्हा!" आई पहिल्या ओळीत बसली होती आणि मान हलवत होती. माझ्या भावाचं मढं त्या माणसाने जाहिरातीला लावलं आणि माझ्या आईने त्याला मान डोलावली. मला त्या क्षणी वस्तीतल्या एकाही माणसाची दया आली नाही. आजही फारशी येत नाही.

मी, आत्या आणि वहिनी आधीच ठरवून गेलो होतो. आत्या काठी टेकत पुढे झाली.

"आत्याबाई, तुम्ही दवाखान्यात रक्त दिलंत?"

"छे, मी कशाला देते!"

बाबाच्या बायकोने उजव्या मडक्यातलं फडकं काढलं, आत्याचं बोट पुसलं. आत्याने बोट बुडवलं. पाणी स्वच्छ.

"पाहा, आत्याबाई किती निर्मळ!" बाबा म्हणाला.

आत्याने कंबरेची पिशवी सोडली आणि दवाखान्याचं कार्ड सगळ्यांसमोर धरलं. "हा माझ्या रक्ताचा निकाल. मी सगळ्यांत आधी दिलं होतं. तुझं पाणी मला निर्मळ म्हणतंय, म्हणजे पाणी खोटं की तू?"

बाबा तयारीचा होता. "म्हाताऱ्या रक्तात सत्त्वच उरत नाही, मग जाणार काय?"

थोडे लोक हसले. तेवढ्यात वहिनी उभी राहिली. तिने कधीच रक्त दिलं नव्हतं, तिला सुईची भीती. "मी दिलंय," ती म्हणाली.

बाबाच्या बायकोचा हात आपोआप डाव्या मडक्याकडे गेला. वहिनीने पुसलेलं बोट बुडवलं आणि वाटी काळीकुट्ट झाली.

"मी दिलेलं नाही," वहिनी म्हणाली. "या सुईला विचारा. कोणालाही विचारा. मी दवाखान्याच्या टेबलावर कधी बसलेच नाही."

मी पुढे होऊन दोन्ही मडकी उचलली. "ही वाटी रक्त ओळखत नाही. ती तुमचं उत्तर ऐकते," मी म्हणाले. "नाही म्हणालात की उजवं फडकं, त्यात साधं पाणी. हो म्हणालात की डावं. डाव्यात काय आहे, ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. तुमचा धंदा आहे."

काळ्या हौदाचा मुकादम पुढे आला. त्याने डावं फडकं नाकाशी नेलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकला. मग ताजी वाटी मागून घेतली, खिशातली पांढरी चिंधी त्या सत्याच्या पाण्यात भिजवली, आणि तिच्यावर डावं फडकं पिळलं. चिंधी काळी झाली. त्याने ती उजेडाकडे धरली, ताणली, चोळून पाहिली.

"पक्का काळा," तो म्हणाला. "साल आपली, लोखंडाचं पाणी आपलं. मालाचा दर्जा हलका आहे."

मला वाटलं होतं, आता लोक बाबावर धावून जातील. ते आधी एकमेकांकडे बघायला लागले. दोनशे रंगारी, आणि एकालाही काळा रंग ओळखता आला नव्हता. फसवल्याच्या रागापेक्षा त्यांना ती लाज जास्त झोंबली. राग नंतर आला. चौघांनी बाबाला धरलं तेव्हा मी मध्ये पडले.

"मारू नका. त्याला फक्त विचारा, दिलंस का म्हणून."

मुकादमाने त्याचा हात डाव्या फडक्याने पुसला आणि वाटीत दाबला. हात मनगटापर्यंत काळा झाला. हा रंग साबणाने जात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबाने त्याच हाताने आपली मडकी उचलली आणि बायकोला घेऊन वस्तीतून निघून गेला. जाताना तो म्हणाला, "मी काय कोणाला गोळी भरवली का?" हे एक वाक्य मात्र त्याचं खरं होतं. त्याने फक्त विचार करणं बंद करवलं होतं. गोळी आम्हीच भरवली.

त्या संध्याकाळी आई चुलीसमोर बसली होती. तिने मान वर केली नाही.

"ती नळी होती तशी राहिली असती तर तो वाचला असता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. कोणीही बोललं असतं. "हो," मी म्हणाले. "बहुतेक वाचला असता. कार्ड असतं तर त्याने ती गोळी घेतली नसती."

"मग तू ओतल्यासारखं का नाही केलंस? दुसरं काही लाल ओतायचं. मला अडाणी बाईला काय कळणार होतं?"

"काही कळलं नसतं."

"मग का नाही केलंस?"

"कारण तसं बाबा करतो, आई. लोकांसमोर एक दाखवायचं आणि मडक्यात दुसरंच ठेवायचं. मी एकदा तसं केलं असतं, तर त्यानंतर माझ्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला मी फसवलं असतं. तू सांगितलंस ओत, मी ओतलं."

"सख्खा भाऊ होता तुझा."

"होता."

त्यानंतर आजवर ती माझ्याशी बोललेली नाही. मी केलं ते बरोबर केलं, असं मला वाटतं, आणि दादाची आठवण आली की असं वाटणाऱ्या बाईचं तोंड मला आरशात बघवत नाही. दोन्ही खरं आहे.

पुढच्या महिन्यात रक्त द्यायला एकशे चाळीस माणसं आली. आईही आली. ती माझ्या टेबलावर बसली नाही, पडद्यापलीकडच्या नव्या मुलीच्या टेबलावर बसली. हा दोष आईकडून मुलांत उतरतो, हे तिला बाईंनी समजावून सांगितलं होतं, आणि माझ्या धाकट्या बहिणीला तीन मुलगे आहेत. नव्या मुलीने बोळा भिजवला तसा पलीकडून मला आईचा आवाज ऐकू आला.

"थांब. कापसाला काय लावलंयस?"

"आजी, स्पिरिट आहे. सगळ्यांनाच लावतो."

"सगळ्यांना लावता म्हणून मला सांगू नकोस. बाटली दाखव. आधी वास घेऊ दे, मग पूस."

मुलगी वैतागली. म्हणाली, "किती शंका काढता हो!" मी पडद्याआडून तिला म्हटलं की बाटली दे त्यांच्या हातात. आईने वास घेतला, थेंब बोटावर घेऊन चोळला, उडून जातो का ते पाहिलं, आणि मग बाही वर केली.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर फडकं मागून घ्या. आम्ही सुई घेऊन आलो तर आमचीही बाटली मागून घ्या, कशासाठी, कोणासाठी, निकाल कधी, हे विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर भीती वाटते एवढ्यासाठी उठून जाऊ नका. उत्तर देणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. माझ्या आईने हा प्रश्न विचारला तेव्हा तिचा मुलगा जाऊन पाच आठवडे झाले होते.